शेअर बाजार, राजकारण आणि खेळ एका मंचावर आणताना

देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात २ फेब्रुवारी २०२५ रोजी, रविवारी दुपारी, शेअर बाजार, राजकारण आणि खेळ या तीन विषयांवरचा हलक्याफुलक्या गप्पांचा कार्यक्रम झाला. असा कार्यक्रम करावा असे वाटणे सोपे असते, पण कोणता अर्ज कोठे द्यावा, कोणता नियम आपल्याला लागू होतो आणि मंचावर नेमके काय बोलू नये, हे एका जागी सांगणारे कोणी भेटत नाही. कोकणातील पुष्कळ वाचनालये आणि मंडळे व्याख्यानमालेपेक्षा काही वेगळे करू पाहतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून घडले तसे सर्व लिहीत आहे.

कल्पना जून २०२४ मधली. १ जूनच्या संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे मतदानोत्तर अंदाज आले, ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २,५०७ अंशांनी उसळून ७६,४६८ वर बंद झाला आणि ४ जूनला प्रत्यक्ष मतमोजणी सुरू असताना तोच सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला बार्बाडोसमध्ये, दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या असताना आणि सहा गडी हातात असताना, भारताने टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना सात धावांनी जिंकला. वाचनालयाच्या वृत्तपत्र विभागात तो सगळा महिना या तीनच गोष्टींवर बोलणे चालले होते, आणि निवडणुकीवरून सुरू झालेला वाद बाजारावर जाऊन क्रिकेटवर संपत असे. तिन्ही ठिकाणी जाणकारांचे अंदाज चुकले होते, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात आले होते. या गप्पा सभागृहात, नीट तयारी करून व्हाव्यात, असे आम्हा चौघांना तेव्हापासून वाटू लागले.

चौघे म्हणजे सूत्रसंचालन करणारा मी, बँकेतून निवृत्त होऊन आता म्युच्युअल फंडांचे वितरक म्हणून काम करणारे आमचे काका, माध्यमिक शाळेतील क्रीडाशिक्षक आणि दशावतारात अनेक वर्षे भूमिका केलेले एक ज्येष्ठ नट, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो. राजकारणाचा भाग कोणी सांभाळायचा यावर बरीच चर्चा झाली. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी मंचावर बसवायचा नाही, हे ठरल्यावर तो भाग माझ्याकडे आला. अशा कार्यक्रमात राजकारण्याला बोलावले की त्याच्या विरोधकालाही बोलवावे लागते, आणि मग गप्पा उरत नाहीत, सभा होते.

कार्यक्रम दिवाळीत घ्यायचा, असे आधी ठरले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी सहा ते सात या वेळात शेअर बाजारात दिवाळीनिमित्तचे मुहूर्ताचे सौदे होणार होते. त्या तासाभरात पडद्यावर निर्देशांक दाखवून त्याभोवती गप्पा रंगवाव्यात, अशी काकांची सूचना सर्वांना आवडली. गणपती होऊन गेल्यावर वाचनालयाच्या कार्यकारिणीकडे अर्ज दिला आणि सभागृह मिळाले. परंतु १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि त्याच क्षणापासून आचारसंहिता लागू झाली.

आचारसंहितेत सांस्कृतिक कार्यक्रम सरसकट बंद नसतात, परंतु विषयात राजकारण आहे म्हटल्यावर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. तहसील कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की एक खिडकी कक्ष उमेदवार आणि पक्ष यांच्यासाठी असतो. आमच्यासारख्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा आणि ठाण्याने तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे मतासाठी पाठवावा. तेथील लिपिकांनी अत्यंत सौजन्याने एक गोष्ट समजावून सांगितली, ती प्रत्येक आयोजकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणुकीसंबंधीची बाब लोकांपुढे मांडण्यासाठी संगीताचा, नाटकाचा किंवा करमणुकीचा कोणताही कार्यक्रम घेता येत नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. आमची तारीख २० नोव्हेंबरच्या मतदानापासून दूर होती, तरीही बंदोबस्तात गुंतलेल्या ठाण्याकडून वेळेत उत्तर येण्याची शक्यता नव्हती. आम्ही कार्यक्रम पुढे ढकलला. मुहूर्ताच्या सौद्यांचा तो तास हुकल्याची हळहळ काकांना बरेच दिवस होती आणि मलाही होती.

नवी तारीख ठरवताना आम्ही चार गोष्टी समोर ठेवल्या: निवडणुकीचे वेळापत्रक, आंब्याचा हंगाम, महाशिवरात्रीला भरणारी कुणकेश्वरची यात्रा आणि भारताचे सामने. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि तिच्या आधीचा आठवडा आमच्याकडे कोणी मोकळा नसतो. मार्चपासून माणसे बागेत आणि पेट्या भरण्यात गुंततात. १ फेब्रुवारीला, शनिवार असूनही, केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जाणार होता आणि बाजार उघडे राहणार होते. २ फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता वानखेडेवर इंग्लंडविरुद्धचा पाचवा टी-ट्वेंटी सामना होता. म्हणून रविवारी दुपारी साडेचार ते साडेसहा ही वेळ धरली. सामन्याच्या वेळेत कार्यक्रम ठेवून माणसे यावीत अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

आता संवादांच्या लिखित संहितेविषयी, कारण सर्वाधिक वेळ तिने घेतला. कार्यक्रमाच्या मध्यावर पंधरा मिनिटांची एक बतावणी, म्हणजे विनोदी नाट्यप्रवेश, होती. तिच्यात एक दलाल, एक उमेदवार आणि एक पंच भेटतात आणि तिघेही एकमेकांना उद्या काय होणार ते विचारतात. ती आबांची कल्पना होती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठाऊक असते आणि नट रंगमंचावर उभा राहून बोलत जातो. पोलीस ठाण्यात पहिली चौकशी केली तेव्हा साहेबांनी संहिता आणि तिचे प्रमाणपत्र मागितले. आबा शांतपणे म्हणाले, "आमच्या संवादाक कागद नसता." साहेबांनीही तितक्याच शांतपणे सांगितले की नाट्यप्रवेश असेल तर महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणावे, नुसत्या गप्पा असतील तर वक्त्यांची नावे आणि विषय लिहून द्यावेत.

बतावणी वगळण्याचा मोह झाला होता, परंतु तीच कार्यक्रमाचा प्राण होती. मग रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओटीवर आबा बोलत आणि मी लिहून घेत असे. बोलताना जे वाक्य सहज हसवून जाते ते कागदावर उतरवले की कधी कधी टोचते, हे त्या वेळी जवळून पाहायला मिळाले. उमेदवाराच्या तोंडी एका जिवंत पुढाऱ्याच्या लकबीची नक्कल होती. ती कागदावर वाचताना आबांनी स्वतःच पेन्सिलीने खोडली आणि तिथे खुर्चीवर बसण्यापूर्वी ती तीनदा झटकणारा उमेदवार आला. प्रयोगात त्या झटकण्यालाच सर्वांत मोठा हशा मिळाला.

टंकलिखित प्रती, लेखकाचे संमतीपत्र आणि वाचनालयाचे पत्र असा संच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झाला. टपालाऐवजी, मुंबईला जाणाऱ्या एका सभासदाबरोबर तो पाठवला आणि पोहोचपावती मागवून घेतली. माझी कळकळीची सूचना आहे की पोहोचपावतीशिवाय कोणतेही कागद देऊ नयेत आणि तिची छायाप्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. प्रमाणपत्र जानेवारीच्या मध्यावर हाती आले. तोपर्यंतची वाट पाहणे कठीण गेले, कारण ते मिळाल्याशिवाय ठाण्याचा अर्ज पुढे सरकत नव्हता आणि ठाण्याच्या परवानगीशिवाय ध्वनिवर्धकवाला आगाऊ रक्कम घेत नव्हता.

ठाण्याच्या अर्जासोबत सभागृहाचे संमतीपत्र, वेळ, अंदाजे उपस्थिती, वक्त्यांची नावे, स्वयंसेवकांची यादी आणि ध्वनिवर्धक पुरवणाऱ्याचा तपशील जोडला. शिवाय कोणत्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार होणार नाही, अशा आशयाचे हमीपत्र घेतले गेले. वाचनालयापासून शाळा शंभर मीटरच्या आत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतात आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. रविवार असला तरी आम्ही बाहेर कर्णा लावला नाही, आतील ध्वनिवर्धकाचे दोन लहान खोके प्रेक्षकांकडे वळवले आणि शाळेच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या. संगीतासाठी ध्वनिमुद्रित चित्रपटगीते वापरली की परवान्याचा आणखी एक विषय निघतो. म्हणून आबांच्या मंडळातील पखवाज, झांज आणि पायपेटी घेतली, आणि सभागृहाला ती अधिक शोभली. सामन्यांच्या चित्रफितींवर दुसऱ्यांचे हक्क असतात, त्यामुळे त्याही दाखवल्या नाहीत.

शेअर बाजाराचा भाग सर्वांत नाजूक होता. आमच्या भागातील कितीतरी तरुण मुले मोबाईलवर ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्कांचे, सौदे करतात, आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे नमूद आहे. हे आकडे लोकांपर्यंत जावेत ही काकांची तळमळ होती. परंतु बाजारावर बोलणे आणि सल्ला देणे यांतील रेषा कोठे आहे, हे त्यांना आधी पक्के करून घ्यायचे होते. सेबीच्या २०१४ च्या, शेअरविषयी शिफारशी करणाऱ्या संशोधन विश्लेषकांसंबंधीच्या नियमांत बाजाराच्या सर्वसाधारण कलावरील भाष्य, व्यापक निर्देशांकांवरील चर्चा आणि आर्थिक, राजकीय किंवा बाजारविषयक परिस्थितीवरील टीकाटिप्पणी यांना संशोधन अहवालाच्या व्याख्येतून वगळले आहे. त्या ओळी आम्ही छापून घेतल्या आणि आपले बोलणे त्यांच्या आत ठेवायचे ठरवले. एखाद्या कंपनीचे नाव घेऊन ते घ्या किंवा विका असे सांगणे त्यांत बसत नाही.

याच सुमारास शहरातील एका शिकवणीवाल्याने, मंचामागे त्याच्या समूहात सामील होण्याचा क्यूआर कोड लावल्यास सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. त्या समूहात रोज सकाळी शेअरची नावे पाठवली जातात, हे काकांना ठाऊक होते. आम्ही नकार दिला. गावातील माणूस वाचनालयाच्या नावावर विश्वास ठेवतो आणि तो विश्वास भाड्याने देण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे कार्यवाहांनी बैठकीत स्पष्ट सांगितले, ते मला फार योग्य वाटले.

सर्व तयारी झाली असताना २९ जानेवारीला सेबीचे नवे परिपत्रक आले. त्यात असे होते की केवळ गुंतवणूक शिक्षण देणाऱ्या व्यक्तीने शेअरचे नाव घेऊन बोलताना वा दाखवताना मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नये. आमच्या फलकांवर काही कंपन्यांचे डिसेंबर आणि जानेवारीतील भाव होते, ते फक्त चढउतार कसा होतो हे दाखवण्यासाठी. हे परिपत्रक आम्हाला अक्षरशः लागू होते की नाही यावर वाद घालता आला असता. काकांनी तो घातला नाही. ते फलक त्यांनी काढून टाकले. त्यांच्या जागी जुनी उदाहरणे आली: १७ मे २००४, जेव्हा अनपेक्षित निकालानंतर सेन्सेक्स ५६४ अंशांनी खाली बंद झाला, आणि १८ मे २००९, जेव्हा निकालानंतर तो एका दिवसात २,११० अंशांनी वर गेला आणि व्यवहार थांबवावे लागले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिन्ही क्षेत्रांतील बंधने एकाच दिशेने बोट दाखवतात. मतदान चालू असताना मतदानोत्तर अंदाज प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, ताज्या भावांवरून शेअरची नावे घेऊ नयेत असे सेबी सांगते, आणि सामन्याच्या निकालावर पैज लावणे जुगारात मोडते. लोकांना तिन्हींकडून उद्याचे भाकीत हवे असते आणि घोटाळे तेथेच होतात. म्हणून आम्ही कार्यक्रमाचा नियमच तो केला: मंचावर कोणीही भाकीत करणार नाही, जे घडून गेले ते मात्र आकडा न चुकवता आणि आनंदाने सांगायचे. या नियमाने कार्यक्रमाची मजा कमी होईल अशी भीती दोन सभासदांनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात तो कार्यक्रमाचा कणा झाला, कारण चुकलेल्या भाकितांच्या गोष्टींइतके माणसांना दुसरे काही हसवत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वीज जाईल या शक्यतेने जनित्र आणून ठेवले होते, ते एकदा लागलेही. सभागृह भरले आणि काही मंडळी पडवीत उभी राहिली. आदल्या दिवशीच्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही, ही घोषणा झाली होती. एवढी मोठी बातमी आली तेव्हा बाजार किती वाढला असेल, असे काकांनी विचारले. कोणी हजार म्हणाले, कोणी दोन हजार. काकांनी फळ्यावर खडूने फक्त ५ हा आकडा लिहिला. सेन्सेक्स खरोखरच पाच अंशांनी वर बंद झाला होता. मग वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी पोहोचण्याआधीच घाऊक व्यापाऱ्याने मोहोर पाहून भाव मनात धरलेला असतो, तसे बाजाराचेही असते, हे त्यांनी सांगितल्यावर बागायतदारांच्या माना डोलल्या. जून २०२४ चे तीन दिवसही त्यांनी फळ्यावर मांडले आणि ७ जूनला सेन्सेक्स ३ जूनच्याही वर बंद झाला, हे शेवटी लिहिले. ४ जूनला घाबरून विकून टाकलेला एक गृहस्थ तेथेच बसला होता. तो स्वतःहून उठला आणि त्याने आपली हकीकत सांगितली.

राजकारणाच्या भागात आम्ही प्रश्नमंजूषा ठेवली होती, बक्षीस कोकमाच्या आगळाची बाटली. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि केंद्रीय अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, हे एका नववीतल्या मुलीने सांगितले. राजापूर मतदारसंघातून पाच वेळा निवडून गेलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री आणि पुढे अर्थमंत्रीही होते, याचे उत्तर मात्र साऱ्या सभागृहाने एका आवाजात दिले. आपल्या भागातील माणसांनी देशाची तिजोरी सांभाळली, हे ऐकताना अनेकांच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

आणि मग आमच्या क्रीडाशिक्षक सरांनी बार्बाडोसच्या अंतिम सामन्यातील सूर्यकुमार यादवचा झेल दाखवण्यासाठी मंचाच्या कडेला काथ्याचा दोर अंथरला. तो दोर म्हणजे सीमारेषा. शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू, १६ धावा हव्यात, दक्षिण आफ्रिकेच्या मिलरने सरळ उंच मारला, असे सांगत ते टेनिसचा चेंडू हातात घेऊन मंचाच्या दुसऱ्या टोकापासून धावत आले, दोराजवळ झेल घेतला, तोल जात असताना चेंडू वर उडवला, दोराबाहेर पाऊल टाकले, परत आत आले आणि चेंडू पुन्हा झेलला. चित्रफीत नव्हती, याची कोणाला आठवणही राहिली नाही. मागच्या बाकांवरची मुले उभी राहून ओरडत होती आणि सरांना तो झेल आणखी एकदा घ्यावा लागला. त्यानंतर त्यांनी अक्षर पटेलच्या षटकात २४ धावा गेल्यावर जमलेल्यांपैकी कोणी दूरदर्शन संच बंद केला होता ते विचारले. हात पुष्कळ वर आले.

शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न घेतले. एका आजींनी काकांना विचारले, "तू माका फक्त एवढाच सांग, उद्या बाजार वर जातलो काय खाली?" काकांनी नमस्कार केला आणि नियम सांगितला. आजी म्हणाल्या, "मगे मॅचीचा तरी सांग." तेही कोणी सांगितले नाही. त्या संध्याकाळी अभिषेक शर्माने ५४ चेंडूंत १३५ धावा केल्या आणि भारत १५० धावांनी जिंकला. सोमवारी वाचनालयात आलेल्या प्रत्येकाने, असे कोणी भाकीत केले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते, हे आवर्जून सांगितले.

खर्चाचा हिशेब असा झाला: सभागृहाचे शुल्क १,५०० रुपये, ध्वनिवर्धक ४,०००, जनित्र डिझेलसह २,५००, फलक आणि छपाई ९००, चहा आणि कांदाभजी २,२००, प्रवास आणि छायाप्रती १,४००, एकूण १२,५०० रुपये. प्रवेश विनामूल्य होता. दारातील पेटीत आलेल्या रकमेतून यातील निम्म्याहून अधिक भाग निघाला आणि उरलेला आम्ही चौघांनी वाटून घेतला. चहासाठी मध्यंतर ठेवू नये, असे माझे मत झाले आहे. मध्यंतरानंतर माणसे परत जागेवर बसवण्यात पुष्कळ वेळ गेला.

चित्रीकरण यूट्यूबवर टाकण्यापूर्वी काकांनी ते पूर्ण पाहिले, प्रेक्षकांतून ओरडून घेतलेली दोन कंपन्यांची नावे काढायला लावली आणि सुरुवातीला हा गुंतवणुकीचा सल्ला नाही हे वाक्य मराठीत ठळक अक्षरांत घालून घेतले. प्रेक्षकांतील लहान मुलांचे चेहरे दिसत होते, त्यांच्या पालकांची संमतीही घेतली. अर्जांचे नमुने, हमीपत्र, परिपत्रकांच्या प्रती आणि आबांच्या बतावणीची संहिता अशी फाइल आता वाचनालयात ठेवली आहे आणि कोणत्याही मंडळाला तिच्या छायाप्रती काढून नेता येतात. पुढील कार्यक्रम पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आसपास घेण्याचा विचार आहे. त्यात खेळाचा भाग कबड्डीचा असेल आणि सरांनी त्यासाठी सभागृहाच्या फरशीवर मैदान आखण्याची परवानगी कार्यवाहांकडे आधीच मागून ठेवली आहे.